खाणीतील हिरा आणि प्रयोगशाळेतील हिरा

हिंगोली जिल्ह्यातील सेनगाव तालुक्यात गोरेगाव नावाचे गाव आहे. मुंबईच्या उपनगरातही एक गोरेगाव आहे. परंतु हे ते नव्हे. हे मराठवाड्याच्या काळ्या मातीतील गाव. १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत या प्रदेशावर हैदराबादच्या निजामाची सत्ता होती. येथील शेतकऱ्याने भरलेला सारा अखेरीस ज्या खजिन्यात जाऊन पडे, त्या खजिन्यात सुमारे १८५ कॅरट वजनाचा एक हिरा होता. सहावा निजाम मीर महबूब अली खान याने तो १८९१ च्या सुमारास जेकब नावाच्या रत्नव्यापाऱ्याकडून घेतला, म्हणून त्यास ‘जेकब हिरा’ म्हणतात. पुढे त्याचा पुत्र मीर उस्मान अली खान याला तो वडिलांच्या बुटाच्या टोकात सापडला, असे सांगतात. जगातील गणलेल्या श्रीमंतांपैकी एक असलेला हा निजाम, मेजावरचे कागद वाऱ्याने उडू नयेत म्हणून, तो हिरा त्यांवर ठेवीत असे! भारत सरकारने १९९५ साली निजामाची रत्ने २१८ कोटी रुपयांस विकत घेतली. त्यांत हा हिराही आला.

हिऱ्याचा कॅरट म्हणजे ग्रॅमचा पाचवा भाग. सोन्याचा कॅरट निराळा. तो वजन सांगत नाही, शुद्धता सांगतो. या हिशेबाने जेकब हिऱ्याचे वजन सदतीस ग्रॅम, म्हणजे तीन तोळ्यांहून थोडे अधिक भरते. एवढ्याशा खड्याला एवढे मोल कशासाठी? तो आहे तरी कोणत्या द्रव्याचा?

या प्रश्नाचे उत्तर ऐकून पहिल्यांदा कोणाचाही विश्वास बसत नाही. चुलीतील कोळसा ज्या मूलद्रव्याचा बनलेला असतो, त्याच मूलद्रव्याचा हिरा बनलेला असतो. ते मूलद्रव्य म्हणजे कार्बन. अठराव्या शतकात लाव्हाझिए या फ्रेंच शास्त्रज्ञाने मोठ्या भिंगाने सूर्यकिरण एकवटून हिरा जाळून दाखविला, आणि १७९७ साली टेनंट या इंग्रज शास्त्रज्ञाने हिरा हा केवळ कार्बनच आहे, हे सिद्ध केले. पेन्सिलीतील काळे शिसे, अर्थात ग्रॅफाइट, तेही कार्बनच. भेद आहे तो अणूंच्या मांडणीत. ग्रॅफाइटमध्ये अणूंचे थर एकमेकांवर सैल रचलेले असतात, म्हणून ते कागदावर घासले जाते. हिऱ्यात प्रत्येक अणू शेजारच्या चार अणूंना घट्ट धरून असतो. त्यामुळे निसर्गात आढळणाऱ्या खनिजांत हिऱ्याएवढे कठीण दुसरे नाही.

येथे एक जुना समज दुरुस्त केला पाहिजे. ऐरणीवर ठेवून घणाचा घाव घातला तरी जो फुटत नाही तोच खरा हिरा, अशी परीक्षा पूर्वी सांगत. संत तुकारामांनीही एका अभंगात हा दृष्टांत योजिला आहे, आणि दृष्टांत म्हणून तो मोलाचाच आहे. परंतु सराफाने मात्र ही परीक्षा करून पाहू नये. कठीण असणे म्हणजे ओरखडा न उठणे. न फुटणे हा निराळा गुण आहे. हिरा कठीण आहे, पण ठिसूळही आहे. घणाखाली त्याचे तुकडे होतात.

हा हिरा जमिनीच्या पोटात दीडशे ते दोनशे किलोमीटर खोल, प्रचंड दाब व उष्णता यांच्यामुळे तयार होतो. बहुतेक हिऱ्यांचे वय शंभर कोटी वर्षांहून अधिक असते. इतक्या खोलीवरून उसळून वर आलेल्या किंबर्लाइट नावाच्या खडकातून हिरे पृष्ठभागाजवळ येतात. गोरेगावच्या शिवाराखाली जो काळा पाषाण आहे, तो सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हारसाचा. हा रस एवढ्या खोलीवरून आलेला नव्हता. म्हणून विहीर कितीही खोल खणली तरी तिच्यात हिरा लागावयाचा नाही.

हिरे लागले ते पूर्वेकडे, कृष्णाकाठी. गोवळकोंड्याच्या राज्यात कोल्लूर येथे प्रसिद्ध खाणी होत्या. सतराव्या शतकात ताव्हर्निए नावाचा फ्रेंच जवाहिऱ्या तेथे जाऊन आला. आपण गेलो तेव्हा त्या खाणींवर साठ हजारांच्या आसपास माणसे राबत होती, असे त्याने लिहून ठेविले आहे. पुरुष खणीत, आणि स्त्रिया व मुले माती वाहून नेत. मुले! आजच्या सहावी-सातवीच्या वर्गात बसणाऱ्यांच्या वयाची, कदाचित त्याहूनही लहान. त्या मुलांनी वाहिलेल्या मातीतून निघालेले हिरे बादशहांच्या मुकुटांत जाऊन बसले. त्या हिऱ्यांची नावे इतिहासात आहेत.

गोवळकोंड्याच्याच खाणींतील मानला जाणारा एक हिरा महाराष्ट्रात होता. त्र्यंबकेश्वराच्या देवालयातला हा हिरा ‘नाशिकचा हिरा’ म्हणून ओळखला जातो. १८१८ साली पेशवाई बुडाली, तेव्हा दुसऱ्या बाजीरावाच्या ठेव्यातून तो इंग्रजांच्या हाती पडला, लुटीचा माल म्हणून लंडनला गेला आणि तेथील जवाहिऱ्यांना विकला गेला. पुढे त्याला नव्याने पैलू पाडण्यात आले. आज तो ४३ कॅरटांहून किंचित अधिक भरतो. अनेक श्रीमंतांच्या हातांतून तो फिरला, पण नाशिकला परतला नाही. हिरा हातात धरला असता तो आपला इतिहास सांगत नाही. देवासमोर वाहिलेला आणि तलवारीच्या बळावर नेलेला, दोन्ही सारखेच चमकतात. या पाठातील सगळी अडचण येथेच आहे.

पुढे भारतातील खाणी आटल्या. ब्राझीलमध्ये हिरे सापडले, आणि १८६७ च्या सुमारास दक्षिण आफ्रिकेत. मौज अशी, की ज्याच्या राजधानीजवळच गोवळकोंड्याचा किल्ला होता, त्या निजामाचा जेकब हिराही दक्षिण आफ्रिकेच्या खाणीतलाच. तेथील किंबर्ले गावी १८७१ ते १९१४ या काळात मजुरांनी कुदळ-फावड्याने एक अवाढव्य खड्डा खणला. सुमारे दोन कोटी वीस लक्ष टन माती व खडक उपसले, तेव्हा त्यांतून सुमारे २,७०० किलोग्रॅम हिरे हाती आले. हिरे चोरीला जाऊ नयेत म्हणून आफ्रिकी मजुरांना करार संपेपर्यंत कुंपणाच्या आत कोंडून ठेवीत. त्यांना घरी जाण्याची मुभा नसे.

हिऱ्याला मोल येते ते केवळ दुर्मिळतेने, अशी सर्वसाधारण समजूत आहे. ती अर्धीच खरी आहे. १८८८ साली स्थापन झालेल्या डी बीअर्स कंपनीने जगातील बहुतेक हिऱ्यांचा व्यापार दीर्घकाळ आपल्या मुठीत ठेविला व बाजारात माल बेताबेतानेच सोडला. १९४७ पासून ‘हिरा चिरंतन आहे’ अशा अर्थाच्या जाहिरातीने तिने लोकांच्या मनावर असे बिंबविले, की वाङ्‌निश्चयाची अंगठी हिऱ्याचीच हवी. आज ही चाल पुरातन वाटते. ती एका जाहिरातीएवढीच जुनी आहे.

या मोलाचे भयंकर रूप विसाव्या शतकाच्या अखेरीस जगापुढे आले. पश्चिम आफ्रिकेतील सिएरा लिओन या देशात १९९१ ते २००२ पर्यंत यादवी युद्ध चालले. बंडखोरांनी हिऱ्यांचे प्रदेश बळकावले, माणसांना जबरीने खाणींवर राबविले, आणि हिरे विकून शस्त्रे घेतली. लहान मुलांच्या हाती बंदुका दिल्या. गावकऱ्यांवर दहशत बसावी म्हणून त्यांनी असंख्य निरपराध लोकांचे हात तोडले. ते हिरे मात्र सीमेपलीकडे नेले जात, इतर हिऱ्यांत मिसळत, आणि दूरदेशीच्या काचेच्या कपाटांत मखमलीवर मांडले जात.

हे जगाला कळल्यावर हिरे काढणारी व विकणारी राष्ट्रे २००० साली किंबर्ले येथे जमली. त्या विचारविनिमयातून जी पद्धती ठरली, ती १ जानेवारी २००३ पासून अमलात आली. न कापलेल्या हिऱ्यांबरोबर ते युद्धातले नाहीत असा सरकारी दाखला असल्याशिवाय त्यांची आयात-निर्यात होऊ नये, असा तिचा नियम आहे. भारतही तीत सामील आहे. या नियमाने पुष्कळ काम केले. परंतु त्याला एक मोठे भोक राहिले. बंडखोरांनी युद्धासाठी वापरलेले हिरे एवढीच त्यात दोषी हिऱ्यांची व्याख्या आहे. २००८ साली झिंबाब्वेतील मारंगे येथे खाणकाम करणाऱ्यांवर खुद्द सरकारच्या सैनिकांनीच हल्ले केले व अनेकांचे प्राण गेले. तेथील हिऱ्यांच्या निर्यातीला काही काळ मनाई झाली. २०११ मध्ये ती उठली. दाखला खरा आणि हिरा रक्ताने माखलेला, असे होऊ शकते.

मग खाणीतला प्रत्येक हिरा पापाचाच म्हणावा काय? तसे म्हणणे अन्यायाचे होईल. बोट्स्वाना हा देश १९६६ साली स्वतंत्र झाला, तेव्हा त्याची गणना अत्यंत दरिद्री देशांत होत होती. पुढच्याच वर्षी तेथे ओरापा येथे हिरे सापडले. तेथल्या राज्यकर्त्यांनी ती संपत्ती काही घराण्यांच्या तिजोऱ्यांत जाऊ दिली नाही. कंपनीबरोबर अर्ध्या वाट्याची भागीदारी केली आणि त्या पैशांतून शाळा, रस्ते व दवाखाने उभारले. सिएरा लिओन व बोट्स्वाना यांच्या हिऱ्यांत रसायनदृष्ट्या काडीचाही फरक नाही.

आता प्रयोगशाळेकडे वळू. हिरा कार्बनचा आहे हे कळल्यापासून तो हाताने बनविण्याची ईर्ष्या शास्त्रज्ञांना लागली होती. पुष्कळांचे प्रयत्न वाया गेले. डिसेंबर १९५४ मध्ये अमेरिकेतील जनरल इलेक्ट्रिक कंपनीत हॉल या शास्त्रज्ञाने, वातावरणाच्या अनेक सहस्रपट दाब देऊ शकणाऱ्या यंत्रात, कृत्रिम हिरे तयार केले. ते बारीक कण होते, अलंकारांच्या नव्हे तर घासण्या-कापण्याच्या कामाचे. दागिन्यात शोभतील असे खडे होण्यास आणखी पंधरा-सोळा वर्षे लागली.

आज दोन रीती प्रचलित आहेत. पहिलीत भूगर्भाची नक्कल असते. हिऱ्याचे एक लहानसे बीज, कार्बन आणि वितळलेला धातू यांना सुमारे चौदाशे-पंधराशे अंश तापमानात, वातावरणाच्या पन्नास-साठ हजारपट दाबाखाली ठेवितात. दुसरी रीत अधिक नवलाची आहे. हिऱ्याची पातळ चकती एका बंद पात्रात ठेवून त्यात हायड्रोजन व मिथेन हे वायू सोडतात. मिथेन हा खेड्यातील मुलांना अपरिचित नाही. गोबरवायूच्या शेगडीत जळतो तो मुख्यतः हाच. सूक्ष्मलहरींच्या साहाय्याने हे वायू इतके तापवितात, की मिथेनमधील कार्बन सुटा होतो आणि चकतीवर थरावर थर बसू लागतो. जे पृथ्वीच्या पोटात युगानुयुगे चालले, ते येथे काही आठवड्यांत उरकते. भारतात या रीतीने हिरे पिकविणारे कारखाने मुख्यतः सुरतेस आहेत. २०२३ च्या अर्थसंकल्पात अशा हिऱ्यांच्या बीजांवरील आयातशुल्क काढण्यात आले व संशोधनासाठी मद्रासच्या आयआयटीला अनुदान देण्यात आले. त्याच वर्षी पंतप्रधानांनी अमेरिकेच्या राष्ट्राध्यक्षांच्या पत्नीस साडेसात कॅरटांचा एक असाच हिरवा हिरा भेट दिला.

‘मग तो खोटाच ना?’ असा प्रश्न येथे साहजिकच येतो. नाही, तो खोटा नाही. काच किंवा झिरकॉनचा खडा हिरा म्हणून विकला तर तो खोटा. कारण त्याचे द्रव्यच भिन्न. प्रयोगशाळेतला हिरा द्रव्याने, कठीणपणाने व तेजाने हिराच आहे. नुसत्या डोळ्याने निष्णात पारखीलाही त्याचा भेद कळत नाही. स्फटिक कसा वाढत गेला याच्या अतिसूक्ष्म खुणा आत राहतात. त्या शोधावयास यंत्रेच लागतात.

खोटेपणा शिरतो तो निराळ्या दाराने. हिंगोली जिल्ह्यातील वसमतच्या हळदीला २०२४ साली भौगोलिक मानांकन मिळाले. दुसरीकडची चांगली हळद कोणी वसमतची म्हणून विकली, तर ती हळद काही वीट-भुकटी ठरत नाही. भाजीला रंग येईल, चवही येईल. तरीही घेणारा फसला, आणि ज्याने वसमतच्या शिवारात राबून नाव मिळविले त्या शेतकऱ्याचे नाव चोरीस गेले. हिऱ्याचेही असेच आहे. प्रयोगशाळेतील हिरा प्रयोगशाळेतील म्हणून विकणे हा प्रामाणिक व्यवहार होय. तोच खाणीतला म्हणून विकणे ही फसवणूक. दोहोंच्या किमतींत आज फार मोठे अंतर पडले असल्याने हा मोह वाढला आहे, आणि म्हणूनच बारीक हिरे एकमेकांत मिसळले जाण्याची धास्ती व्यापाऱ्यांनाही वाटते. दागिन्यावरील हॉलमार्क सोन्याची शुद्धता सांगतो. हिऱ्याच्या जन्माची हमी तो देत नाही. त्यासाठी निराळे प्रमाणपत्र मागावे लागते. काही हिऱ्यांच्या कडेवर लेसरने बारीक अक्षरेही कोरलेली असतात.

प्रयोगशाळेतल्या हिऱ्याच्या बाजूने बोलणारे म्हणतात, याच्यासाठी डोंगर फोडावा लागत नाही, कोणाचे हात तोडले जात नाहीत. हे म्हणणे खरे आहे आणि त्याचे वजन मोठे आहे. परंतु याला मुळीच किंमत मोजावी लागत नाही, असे जे जाहिरातींतून भासविले जाते, ते खरे नव्हे. ती यंत्रे रात्रंदिवस वीज खातात. भारतातील विजेचा मोठा भाग अजूनही कोळसा जाळून निघतो. परळीच्या औष्णिक केंद्राचे धुराडे मराठवाड्यातील मुलांनी पाहिलेले असते. तेव्हा एका ठिकाणी मणांनी कार्बन जाळावयाचा आणि दुसऱ्या ठिकाणी गुंजभर कार्बन चमकवावयाचा, असा हा व्यवहार होऊ शकतो. कारखाना सूर्यप्रकाशावर किंवा वाऱ्यावर चालत असेल तर गोष्ट निराळी. ते विचारल्याखेरीज कळत नाही.

आणि माणसांचे काय? जगातील बहुतेक हिऱ्यांना पैलू पाडले जातात ते भारतात, विशेषतः सुरतेत. मुंबईच्या वांद्रे-कुर्ला संकुलात त्यांच्या व्यापाराचे मोठे केंद्र आहे. फिरत्या चाकावर वाकून, एका डोळ्याला भिंग लावून लक्षावधी कारागीर हे काम करतात. खाणीतला खडा असो वा यंत्रातला, चाक तेच, हातही तेच. अलीकडच्या मंदीत त्यांतील पुष्कळांचा रोजगार गेला. २०२५ साली गुजरात सरकारला बेकार झालेल्या कारागिरांच्या मुलांच्या शाळेच्या शुल्कासाठी मदत जाहीर करावी लागली. मंदीची कारणे अनेक आहेत. नव्या हिऱ्यांमुळे कोसळलेल्या किमती हे त्यांतील एक. तिकडे बोट्स्वानातही हिऱ्यांचे उत्पन्न घटले, परदेशी मदत आटली, आणि ऑगस्ट २०२५ मध्ये दवाखान्यांत औषधे नाहीत म्हणून तेथील राष्ट्राध्यक्षांना आणीबाणी घोषित करावी लागली. खाणीतला हिरा कोणीच घेऊ नये असे ज्यांना वाटते, त्यांनी या दवाखान्यांचाही विचार करावयास हवा. आणि खाणीतलाच हिरा घ्या असे जे सांगतात, त्यांनी मारंगे विसरू नये.

जेथे मजुराला नीट वेतन मिळते आणि देशाच्या उत्पन्नातून शाळा चालते, त्या खाणीचा हिरा घेण्यात कमीपणा नाही. जो प्रयोगशाळेत स्वच्छ विजेवर घडला आणि खऱ्या नावाने विकला गेला, तोही तसाच निष्कलंक. याउलट ज्याचा मार्ग दडविला जातो, तो हिरा खाणीतला असो वा यंत्रातला, त्याकडे संशयानेच पाहावे लागते.

हिऱ्याबरोबर येणाऱ्या प्रमाणपत्रावर वजन, रंग, निर्मळपणा आणि पैलू यांची बारकाईने नोंद असते. माती कोणी उपसली, वीज कोठून आली, चाकावर कोण बसला होता, यांची नोंद त्यावर सहसा नसते. अलीकडे काही खाणींनी व कारखान्यांनी प्रत्येक खड्याचा आरंभापासूनचा प्रवास लिहून ठेवण्यास सुरुवात केली आहे. लग्नसराईत चमकी, कुडी किंवा अंगठी घ्यावयास गेलेले गिऱ्हाईक घडणावळीसाठी तासभर घासाघीस करते. त्यातली दोन मिनिटे ही विचारपूस करण्यात गेली, तर सराफालाही पुढच्या खेपेस आपल्या व्यापाऱ्याला तेच विचारावे लागेल.

अभ्यास

१. हिरा व ग्रॅफाइट ही दोन्ही कार्बनचीच रूपे असून त्यांच्या गुणांत एवढे अंतर का?

२. ‘दाखला खरा आणि हिरा रक्ताने माखलेला’ असे लेखकाने कोणत्या प्रसंगावरून म्हटले आहे?

३. वसमतच्या हळदीचा दृष्टांत हिऱ्याला कितपत लागू पडतो, कोठे लागू पडत नाही, ते आपल्या शब्दांत लिहा.

४. घरातील थोरांना विचारून माहिती मिळवा : दागिना घेताना त्यांनी सराफाला कोणकोणते प्रश्न विचारले होते?